आप्पांच्या दुधातलं मीठ

बारावीच्या वर्गात द्रावणांचा धडा आला की मी आधी साधा प्रश्न टाकते. मोल म्हणजे कण मोजायचं माप, डझनासारखं; एक मोल साखर पाण्यात विरघळवली, तर विरघळलेले कण किती मोल? एक. बरोबर. आता एक मोल मीठ विरघळवलं तर? निम्मा वर्ग पुन्हा "एक" म्हणतो आणि उरलेला निम्मा माझ्या तोंडाकडे बघून अंदाज घेतो. दौंडची पोरं हुशार आहेत, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार हे झोपेतसुद्धा सांगतील. पण मीठ पाण्यात पडलं की त्याचे दोन कण होतात, एक सोडियमचा आणि एक क्लोराइडचा, हे त्यांच्या डोक्यात शिरायला आठवडा जातो. मग मी त्यांना गावाकडचं लग्नाचं आवतण सांगते. एक आवतण घरटी असतं, घरातून एकानं जेवायला जायचं. दुसरं चूलबंद, म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, झाडून सगळ्यांनी यायचं. साखरेच्या घरून एकटी साखर येते. मिठाला आवतण चूलबंद, दोघं येतात. कॅल्शियम क्लोराइडच्या घरून तिघं. पंगतीत पानं किती मांडायची ते आलेल्या माणसांवरून ठरतं. पाणी किती थंडीत गोठणार तेही तसंच, त्यात किती कण फिरताहेत यावर. कण साखरेचे की मिठाचे, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

पोरं हसतात, लिहून घेतात आणि परीक्षेत तरीही दोननं गुणायला विसरतात. तेव्हा माझा पारा चढतो. इतर चुकांवर मी एवढी चिडत नाही, हे पोरांच्याही ध्यानात आलंय. एक जण मागच्या बाकावरून म्हणालाही, "मॅडम, मिठावरनं एवढं काय?" मी त्याला फळ्याशी बोलावून पुढचं गणित घातलं. वर्गात सांगण्यासारखं ते नाही.

माझं माहेर न्हावऱ्याचं. गावाच्या कडेला आमची बौद्ध वस्ती. आजोबांच्या काळीही दारात गाय असायची, पण तिचं दूध वस्तीबाहेर कुणी विकत घेत नसे. घरात पिऊन, शेजारी देऊन उरलेलं आजी विरजण लावायची. मग गावात डेअरी आली. डेअरी म्हणजे एक खोली, एक वजनकाटा आणि एक मोठी टाकी. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, तेव्हा तरणेताठे होते. पहिल्या दिवशी ते किटली घेऊन रांगेत उभे राहिले तेव्हा पुढचे दोघे मागे वळून बघत होते, असं ते सांगत. "वतलं दूध टाकीत. झाकान लागलं. आता कुनाचं कंचं, कुनाच्या बापाला कळतंय?" हे सांगताना आप्पांच्या मिशीत हसू यायचं. आम्ही लहानपणी हे इतक्या वेळा ऐकलं की आम्हाला त्यात काही विशेष वाटेनासं झालं होतं.

आप्पांनी मात्र त्या टाकीचा मान फार राखला. दुधात पाण्याचा थेंब नाही. किटली धुतली की उन्हात पालथी घालायची, आतलं पाणी निथळल्याशिवाय तिच्यात धार काढायची नाही. कुणी रांगेत पाणी घालून आलं की आप्पा त्याच्या तोंडावर बोलायचे, मग तो पाटील असो की पाहुणा. त्यामुळे त्यांना मान होता आणि त्यांच्यावर दातही होता. आई म्हणायची, "तुमचं दूध चांगलं हाय ते ऱ्हाऊ द्या. दुसऱ्याच्या किटलीत कशाला डोकावताय?" पण आप्पांचं एकच, आपल्या दुधाकडं कुणी बोट दाखवता कामा नये.

आणि बुद्धपौर्णिमेची खीर. वस्तीतल्या विहारात दर वर्षी संध्याकाळी वंदना झाली की खीर वाटतात आणि तिला दूध आमच्या गोठ्यातलं. हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. त्या दिवशी आप्पा संध्याकाळचं दूध डेअरीला घालत नसत. आई आणि वस्तीतल्या बाया मोठ्या पातेल्यात तांदळाची खीर करायच्या आणि गावातलेही काही जण द्रोण घेऊन यायचे. माझं लग्न होऊन मी दौंडला रेल्वेच्या कॉलनीत राहायला गेले, कॉलेजात शिकवायला लागले, तरी पौर्णिमेला माहेरी जायचा माझा नेम चुकला नाही.

त्या वर्षी मी नवऱ्याबरोबर मोटारसायकलवरून दुपारीच पोचले. विहाराच्या अंगणात चूल मांडलेली होती आणि पातेल्याशेजारी प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये पाकिटाचं दूध रचून ठेवलं होतं. मला वाटलं, यंदा माणसं जास्त असतील, कमी पडू नये म्हणून आणलं असेल. एक मावशी पाकिटं कातरत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. घरी आले तर गोठा रिकामा. दावणीला नुसत्या दोऱ्या, गव्हाणीत वाळलेलं कडवळ तसंच पडलेलं. चारही गाया गेल्या होत्या.

आई चुलीपाशी बसली होती. गॅस आला तरी भाकरी ती चुलीवरच करते. मी विचारलं, "गाया कुठं गेल्या?"

"इकल्या," आई म्हणाली. "पाव्हण्यांस्नी पानी दे आधी."

आमच्याकडे एक रीत आहे. माहेरची अडचण लेकीच्या कानावर घालायची नाही. लेक दिल्या घरी सुखात असावी, आणि मुख्य म्हणजे माहेरची लाज जावयाच्या घरी जाऊ नये. आजारपणसुद्धा उठून बसल्यावर कळवतात. फोनवर रोज बोलणं व्हायचं. आई मला काय स्वयंपाक केला, कांदा चाळीत भरला, हे सगळं सांगायची आणि गोठ्याचा विषय आला की "बरं हाय" म्हणून पुढं जायची. त्या रीतीची मला आजही चीड आहे. त्या घरात, त्या वस्तीत, त्या डेअरीच्या रांगेत दुधातल्या मिठाच्या प्रश्नाचं उत्तर येणारी मी एकटी होते आणि मलाच कुणी सांगितलं नव्हतं.

झालं होतं ते असं. उन्हाळ्याच्या तोंडाला डेअरीवर मीठ तपासायच्या पट्ट्या आल्या. दुधात पाणी घातलं की डिग्री उतरते, म्हणजे दूध पातळ असल्याचं यंत्रावर कळतं, आणि ते झाकायला काही लोक मीठ टाकतात. म्हणून पट्टी. दुधाचा थेंब टाकला आणि पट्टी पिवळी पडली की मीठ जास्त. आप्पांच्या दुधाची डिग्री त्या आठवड्यात जराशी उतरली होती. पट्टी लावली, पिवळी पडली. रांगेत सगळे होते. आप्पांनी आजवर ज्यांना टोकलं होतं तेही होते. कुणीतरी मागून म्हणालं, "आता बोला की, आप्पा."

आप्पा किटली उचलून घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. डेअरीचा सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता. त्यानं खात्रीसाठी आप्पांच्या दुधाच्या बाटल्या तीन-चार वेळा शिरूरच्या शीतकरण केंद्रात पाठवल्या. तिथूनही उत्तर तेच आलं, मीठ पॉझिटिव्ह. तेव्हा त्यानं आप्पांना बाजूला घेतलं आणि आपल्या परीनं त्यांची लाज राखली. "आप्पा, तुम्ही घालनार न्हाई, ही माझी खात्री हाय. पन घरात बघा. बाया घालत्यात, गड्याला पत्ता नसतो."

सकाळची धार आप्पा काढत आणि संध्याकाळची आई. आप्पांनी घरी येऊन आईला विचारलं. आई म्हणाली, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आठवड्याभरानं गाया विकल्या. तीन बाजारात गेल्या आणि सगळ्यात दुधाळ, नुकतीच व्यालेली जर्सी निमोण्याच्या एका म्हाताऱ्या चाचांनी नेली.

हे सगळं आईनं भाकरी थापता थापता सांगितलं. मी मधेच उठले. शिरूरच्या त्या केंद्रात माझी कॉलेजची मैत्रीण प्रयोगशाळेत काम करते. तिला फोन लावला आणि विचारलं, बाटल्या आल्या होत्या तेव्हा गोठणबिंदू काढला होता का? ती म्हणाली, "काढतोच की. पण तो नॉर्मल होता गं. सगळ्या बाटल्यांचा नॉर्मल. म्हणून कुणी त्याच्याकडे बघितलं नाही." फॅट? फॅटही नेहमीइतकी. फक्त दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, थोडी उतरलेली. मी म्हटलं, आकडे सांग.

मी ओट्यावर बसून पेन घेतलं. खरं तर कागदाची गरज नव्हती, हे गणित मी दर वर्षी फळ्यावर करते, पण काहीतरी लिहावंसं वाटत होतं. दूध शून्याखाली साधारण अर्ध्या अंशाला गोठतं, नेमकं सांगायचं तर शून्य पॉइंट चोपन्न. त्याला पाण्याच्या स्थिरांकानं, एक पॉइंट शहाऐंशीनं भागलं की किलोमागं विरघळलेल्या कणांचे मोल येतात, शून्य पॉइंट एकोणतीस. आता समजा आप्पांच्या दुधात पाणी घातलं आणि गोठणबिंदू हलू नये म्हणून त्या पाण्यात मीठ टाकलं. मिठाचा प्रत्येक मोल दोन मोल कण देतो, म्हणून मीठ लागेल निम्मं. त्याला मिठाच्या एका मोलाच्या वजनानं, साडेअठ्ठावन्न ग्रॅमनं गुणलं की लिटरभर पाण्याला साडेआठ ग्रॅम. नेमके साडेआठ. थोडं कमी पडलं तर गोठणबिंदू वर जाईल, थोडं जास्त झालं तर खाली. आणि हे दररोज, दोन्ही वेळा, घातलेलं पाणी मोजून. आमच्या घरात मीठ चिमटीनं घालतात नाहीतर मुठीनं. एवढं नेमकं मीठ घालायला आप्पांना दौंडहून मला बोलवावं लागलं असतं! शिवाय पाणी घातलं असतं तर फॅट उतरली असती. ती जागची हलली नव्हती.

मग साखर उतरली आणि मीठ चढलं, तरी कणांची संख्या तीच, असा नेमका हिशेब ठेवणारं कोण? गायीचं अंग. दूध कासेत तयार होतं तेव्हा त्यातल्या कणांची संख्या रक्तातल्या कणांइतकीच राहते. कासेला आतून सूज आली की दुधातली साखर कमी तयार होते, मग तेवढी जागा भरायला रक्तातलं मीठ झिरपतं. साखरेचे दोन कण गेले की मिठाची एक जोडी येते. बेरीज कायम, पण साखर जड, म्हणून डिग्री मात्र जराशी उतरते. बाहेरून कास लालही दिसत नाही, दूध फाटतही नाही. जर्सी आजारी होती, एवढंच झालं होतं. तिचं दूध घरच्या दुधात निम्म्याहून जास्त होतं.

मी नवऱ्याला म्हटलं, निमोण्याला चला. तो जेवायला बसायच्या बेतात होता, पण माझा चेहरा बघून उठला. निमोण्याचे चाचा गोठ्यातच होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी खुर्ची मागवली आणि मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "पोरी, गाय कासंनं खराब निघाली बघ. डॉक्टरनं सांगितलं, दोन सडांत आतून सूज हाय म्हनून. मी काय तुझ्या बापाला बोल लावत न्हाई. त्यांना ठावं नसनार, आप्पा असलं करनार न्हाईत. औषिद चालू हाय, आता बरी हाय ती." जर्सी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखी वैरण चघळत होती. चाचांनी वर असंही सांगितलं की आप्पांना ती परत हवी असेल तर खुशाल न्यावी, पैशाचं नंतर बघू.

परतीच्या वाटेवर मी किती खूश होते हे आठवलं की आता कसंतरी होतं. नवऱ्याच्या पाठीमागून मी त्याला ओरडून ओरडून मोल समजावत होते आणि तो हेल्मेटमधून "हां, हां" करत होता. मला वाटत होतं, घरी जाऊन सांगायचं, मग सेक्रेटरीला बोलवायचं, मग रांगेतल्या त्या मागून बोलणाऱ्याला. सगळ्यांची तोंडं बंद. जर्सी परत येईल, दावणीला एक तरी गाय दिसेल.

आप्पा ओट्यावर बसले होते. खिरीला जायचं म्हणून पांढरा शर्ट घातलेला, पण उठायची काही लक्षणं नव्हती. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. साखर एकटी आणि मीठ जोडीनं, हे मी त्यांना दोन वाट्या आणि हरभऱ्याचे दाणे मांडून दाखवलं. आप्पा शेवटपर्यंत दाण्यांकडे बघत राहिले. त्यांना मोल कळला असेल असं मी म्हणत नाही. पण गायीची कास आतून सुजते, हे त्यांना माझ्याआधी चांगलं ठाऊक होतं. निमोण्याच्या डॉक्टरचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

मला वाटलं, आता ते उठतील, डेअरीकडे जातील, चार शिव्या हासडतील. निदान "बघ, मी म्हनलं व्हतं" एवढं तरी म्हणतील.

आप्पांनी खालच्या आवाजात विचारलं, "म्हंजी तुझ्या आईनं न्हाई घातलं?"

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "कुणीच नाही घातलं, आप्पा. आई कशाला घालेल?"

"मला वाटलं, घातलं आसंल," ते म्हणाले. "म्हनून तर इकल्या. आज ना उद्या गावात तिचं नाव निघालं आसतं. गायाच न्हाईत म्हनल्यावर कोन काय बोलनार?"

रांगेतली लाज त्यांनी गिळली असती. त्या गोठ्यावर आणि टाकीतल्या त्या जागेवर त्यांचा केवढा जीव होता, हे मी वर लिहिलंच आहे. ते सगळं त्यांनी आईचं नाव झाकायला सोडून दिलं होतं, तिला एका शब्दानं न दुखवता. असं करणारा नवरा आमच्या गावात दुसरा सापडायचा नाही. आणि तरीही, बाहेरच्या एका माणसानं "घरात बघा" म्हटल्यावर त्यांनी जन्माच्या सोबतिणीकडे बघितलं आणि तिचं "नाही" त्यांना पुरलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात होत्या. मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना जवळ घ्यावंसंही वाटत होतं.

मी मागे बघितलं. आई दारात चहाचे कप घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती, मला माहीत नाही. तिनं कप खाली ठेवले, एक आप्पांच्या पुढ्यात सरकवला, एक माझ्या. मग पदरानं हात पुसत आत निघून गेली. आप्पा तिला हाक मारतील म्हणून मी वाट बघत होते. ते कपाकडे बघत बसले.

संध्याकाळी आम्ही विहारात गेलो. वंदना झाली, पाकिटाच्या दुधाची खीर सगळ्यांनी खाल्ली, चांगली झाली होती. सेक्रेटरी तिथं आला होता. मी त्याला गाठून सगळं सांगितलं. त्यानं बिचाऱ्यानं तिथंच सगळ्यांदेखत आप्पांचे पाय धरले आणि उद्यापासून दूध घालाच म्हणाला. आप्पांनी त्याला उठवलं. "तुझी चूक न्हाई बाबा," म्हणाले, "आन् आता गाया बी न्हाईत." चाचा गाय परत द्यायला तयार आहेत हे मी पुन्हा काढलं, तर आप्पा म्हणाले, "तुझ्या आईला इचार. ती म्हनली तर आनू." आईला मी विचारलं. आई म्हणाली, "आता माझ्याच्यानं धार व्हनार न्हाई." गोठ्यात आता कांद्याच्या गोण्या असतात.

त्यांचं भांडण झालं नाही. आजही दोघं एका ताटलीतले शेंगदाणे खातात, आप्पांचं बीपीचं औषध आईच देते. बाहेरून आलेल्याला काही कळणार नाही. पण पूर्वी आप्पा काही सांगायला लागले की आई मधेच त्यांना तोडायची, "उगा काय बी सांगू नका," म्हणायची. आता ती त्यांचा शब्द खाली पडू देत नाही. सगळ्याला "व्हय" म्हणते. ते "व्हय" ऐकलं की मला वाटतं, मी त्या दिवशी कशाला एवढं गणित करत बसले. माझं उत्तर बरोबर होतं. ते न सांगता मी राहू शकले नसते, हेही खरं. पण आप्पांच्या मनातलं आप्पांच्याच मनात राहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा आई वस्तीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. नवरा गाडी चालू करत होता. मी म्हटलं, "आई, निदान खरं काय ते कळलं गं. आता आप्पांना पक्कं ठाऊक आहे, तू नव्हतंस घातलं."

आईनं माझ्या पदराला लागलेली धूळ झटकली.

"व्हय," ती म्हणाली. "पन मी तर सांगितलं व्हतं त्यास्नी. पयल्याच दिशी."